संगणकाला आपला मुलूख सांगा

एक्सेलच्या कोऱ्या पानावर एखाद्या सेलमध्ये ७/१२ असे टाइप करा आणि एंटर दाबा. सातबारा म्हणजे काय, हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. एक्सेलला ठाऊक नसते. त्याला ती तारीख वाटते. आता कोणती तारीख, हे संगणकावर कोणता प्रदेश नोंदलेला आहे त्यावर ठरते. विंडोजमध्ये भारत असेल तर ७ डिसेंबर, अमेरिका असेल तर १२ जुलै. वर्ष सांगितलेले नसते म्हणून चालू वर्ष एक्सेल पदरचे घालतो. आत साठवतो तो १ जानेवारी १९०० पासून मोजत आणलेला दिवसांचा क्रमांक : ७ डिसेंबर २०२५ साठी ४५९९८ आणि १२ जुलै २०२५ साठी ४५८५०. मागाहून त्या सेलचे स्वरूप ‘टेक्स्ट’ केले तरी सातबारा परत मिळत नाही, हा पाच अंकी क्रमांक तेवढा हाती येतो. गट क्रमांकांची लांबलचक यादी करताना १२/३, ५/२, ७/१ अशा नोंदींचे हेच होते. दोष टाइप करणाऱ्याचा नसतो आणि सगळा यंत्राचाही नसतो. काम सुरू करण्यापूर्वी दोघांत जे ठरायला हवे, ते ठरलेलेच नसते.

ते ठरवण्याची जागा म्हणजे संगणकातले रिजनल सेटिंग. बहुतेक लोक ते सजावटीच्या खात्यात टाकतात. स्वल्पविराम लाखाच्या जागी पडला काय आणि मिलियनच्या जागी पडला काय, आकडा तर तोच राहतो ना, असा त्यामागचा विचार असतो. तो अर्धाच खरा आहे. हे सेटिंग दोन कामे करते. आत साठवलेली संख्या आपल्याला कशी दाखवायची, हे एक. आपण टाइप केलेला किंवा बाहेरून आणलेला मजकूर संख्या, तारीख की नुसती अक्षरे म्हणून वाचायचा, हे दुसरे. पहिल्या कामातली चूक डोळ्यांना दिसते आणि केव्हाही दुरुस्त होते. दुसऱ्या कामातली चूक दिसत नाही आणि पुष्कळदा दुरुस्तही होत नाही. म्हणून प्रदेशाची निवड ही हिशेब सुरू करण्याआधी करायची गोष्ट आहे. हिशेब झाल्यावर छपाईपूर्वी करायची नव्हे.

आधी निरुपद्रवी बाजू पाहू. आजची एक्सेल फाइल ही प्रत्यक्षात एक झिप गठ्ठा असते. तो उघडून आतला मजकूर वाचला, तर बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट रुपये पन्नास पैसे ही रक्कम तिथे १२३४५६७.५ एवढीच लिहिलेली आढळते. स्वल्पविराम नाही, रुपयाचे चिन्ह नाही, शेवटचे शून्यही नाही. शेजारी ‘हजारांचे विभाजक दाखव, दोन दशांश दाखव’ अशा अर्थाची स्वरूपाची खूण असते, तीही जगभर एकाच पद्धतीने लिहिलेली. हीच फाइल पुण्यात भारतीय प्रदेश निवडलेल्या संगणकावर १२,३४,५६७.५० दिसते, अमेरिकेत १,२३४,५६७.५० दिसते आणि जर्मनीत १.२३४.५६७,५० दिसते. तिन्ही ठिकाणी बेरीज एकच येते. पाठवणाऱ्याने आपल्या पद्धतीने पाठवायचे आणि वाचणाऱ्याने आपल्या पद्धतीने वाचायचे, अशी ही सोय आहे. ‘मी भारतीय पद्धत लावली तर परदेशातल्या साहेबाला आकडे कळणार नाहीत’ ही भीती एक्सेलपुरती तरी निराधार आहे. साहेबाला ते त्याच्याच पद्धतीने दिसतात.

खरी गडबड वाचण्याच्या बाजूला होते आणि ती तारखांत सर्वांत स्वच्छ दिसते. समजा, पावत्यांची एक यादी दिवस/महिना/वर्ष या आपल्या क्रमाने तयार झाली आणि अमेरिकी सेटिंगच्या एक्सेलमध्ये आणली गेली. २५/११/२०२४ ही तारीख त्याला समजत नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. म्हणून तो ती मजकूर म्हणून जशीच्या तशी ठेवतो आणि सेलमध्ये डावीकडे चिकटवतो. ०५/११/२०२४ मात्र त्याला बरोबर वाटते. तो ११ मे म्हणून ती बिनबोभाट स्वीकारतो. याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक महिन्यातले पहिले १२ दिवस उलटे वाचले जाऊ शकतात. त्यांतल्या ५/५, ६/६ अशा एकेका दिवसाला धोका नसतो. म्हणजे वर्षातल्या ३६५ पैकी २२१ तारखा मजकूर बनून राहतात, १२ सुखरूप सुटतात आणि १३२ तारखा चुकीच्या दिवशी जाऊन बसतात. मजकूर झालेल्या तारखा फिल्टर लावताना किंवा क्रम लावताना लक्षात तरी येतात. उरलेल्या १३२ कधीच तक्रार करत नाहीत. त्या उजवीकडे नीट रांगेत उभ्या असतात, महिनावार बेरजेत भाग घेतात आणि नोव्हेंबरची उधारी मे महिन्यात दाखवतात. आता प्रदेश बदलून भारत केला तरी काही सुधारत नाही. चुकीचा दिवस नव्या पद्धतीने लिहिलेला दिसतो, इतकेच. मूळ यादी पुन्हा आणणे हाच त्यावर इलाज.

आकड्यांच्या बाबतीत हाच प्रकार दशांशचिन्हामुळे होतो. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात आणि हजारांच्या गटांसाठी टिंब. म्हणून जर्मन सेटिंगच्या एक्सेलमध्ये दीड लिहिण्यासाठी १.५ टाइप केले, तर तो १ मे ही तारीख करून ठेवतो, कारण तिथे तारखेत टिंबच असते. १.२३४ टाइप केले तर सव्वाच्या आसपासची संख्या हजारपट होऊन एक हजार दोनशे चौतीस होते. जर्मन कंपन्यांशी रोजचा संबंध असलेल्या पुणे-चाकण पट्ट्यात आणि नोकरीसाठी जर्मनीत गेलेल्या मराठी इंजिनिअरांत हा घोळ काही अपूर्वाईचा नाही. त्यात सीएसव्ही फाइलची भर पडते. ही निव्वळ मजकुराची फाइल असते आणि तिच्यात रकाने स्वल्पविरामाने तोडलेले असतात. ज्या देशात स्वल्पविराम दशांशासाठी खर्ची पडला आहे, तिथे रकाने तोडायला अर्धविराम वापरावा लागतो. त्यामुळे आपल्याकडची सीएसव्ही तिथे नुसती दुहेरी क्लिक करून उघडली, तर अख्खी ओळ पहिल्याच रकान्यात कोंबलेली दिसते. एक्सेलच्या फाइलबरोबर संख्या स्वच्छ जाते. सीएसव्हीबरोबर फक्त अक्षरे जातात आणि त्यांचा अर्थ उघडणाऱ्याचा संगणक लावतो.

दाखवण्याची बाजू निरुपद्रवी आहे म्हटले, म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. ३४५६७८९० ही संख्या भारतीय गटांत ३,४५,६७,८९० अशी लिहिली की प्रत्येक स्वल्पविराम आपण बोलताना जिथे थांबतो तिथेच पडतो : तीन कोटी, पंचेचाळीस लाख, सदुसष्ट हजार, आठशे नव्वद. ३४,५६७,८९० असे लिहिले की वाचणारा मनातल्या मनात उजवीकडून एकं, दहं, शतं करत सरकू लागतो आणि त्या घाईत एखादे शून्य निसटते. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक, गृहनिर्माण संस्थेचा ताळेबंद, पतपेढीची ठेवींची यादी हे सारे मंजूर करणारी माणसे लाखा-कोटीत विचार करतात. त्यांच्यापुढे मिलियनच्या स्वल्पविरामांचा तक्ता ठेवला की तपासणी ढिली होते. एक्सेलची मूळ घडण तीन-तीन अंकांच्या हिशेबाने झालेली आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. स्वरूपाच्या कोडच्या शेवटी एक स्वल्पविराम जोडला की संख्या हजारांत दिसते, दोन जोडले की दशलक्षांत. लाखांत किंवा कोटीत दाखवण्यासाठी असा सरळ उपाय नाही. लाखाने भागलेला वेगळा रकाना करावा लागतो आणि वर ‘रक्कम लाख रुपयांत’ असे लिहावे लागते.

आता सेटिंग करायचे कुठे? विंडोजवर एक्सेल आपली पद्धत विंडोजकडून घेतो. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि तिथे ‘लँग्वेज अँड रिजन’ उघडून रिजनल फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडला की लाख-कोटींचे गट आणि दिवस-महिना-वर्ष हा क्रम दोन्ही एकदम येतात. अंकांचे गट एवढेच बदलायचे असतील, तर जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या ‘रिजन’च्या ‘अ‍ॅडिशनल सेटिंग्ज’मध्ये ‘डिजिट ग्रुपिंग’ असते. एक्सेलच्या स्वतःच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पर्यायांत दशांशचिन्ह आणि विभाजक बदलता येतात, पण किती अंकांनंतर विभाजक टाकायचा हे तिथे सांगता येत नाही. पुष्कळजण तिथेच शोधत बसतात आणि हात हलवत परततात. मॅकवर एक्सेल मॅकच्या प्रदेश-सेटिंगकडे पाहतो. गूगल शीट्सची रीत निराळी आहे. तिथे ‘लोकेल’ हा त्या-त्या फाइलचा गुण असतो आणि फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये मिळतो. तो बदलला की फाइल वापरणाऱ्या सर्वांसाठी बदलतो, म्हणून सामायिक फाइलमध्ये सांगून-सवरूनच हात घालावा. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये लोकेल प्रोग्रामच्या पर्यायांत भाषेच्या पानावर ठरवता येतो. त्याच पानावर, टाइप केलेला कोणता साचा तारीख म्हणून स्वीकारायचा, याची यादी उघड लिहिलेली असते आणि ती बदलताही येते. वाचण्याचे नियम वापरणाऱ्याला असे समोर दाखवणे ही कॅल्कची दाद देण्यासारखी गोष्ट आहे.

एवढे करायचे कशाला, एक फॉरमॅट कोड चिकटवला की लाख-कोटी दिसतात, असे अनेक जाणकार म्हणतील. तो कोड हिशेबनिसांमध्ये वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. त्याची रचना अशी : संख्या एक कोटी किंवा जास्त असेल तर या जागी स्वल्पविराम, एक लाख किंवा जास्त असेल तर त्या जागी, आणि बाकी सर्वांसाठी नेहमीची पद्धत. एका कोडमध्ये एक्सेल दोनच अटी चालवून घेतो. तिसरा भाग ‘बाकी सगळे’ यासाठी असतो. आता तोट्याचा आकडा घ्या. उणे साडेबारा लाख ही संख्या एक कोटीपेक्षाही लहान आणि एक लाखापेक्षाही लहान, म्हणून ती ‘बाकी सगळे’मध्ये जाते आणि -१,२५०,००० अशी छापली जाते. म्हणजे नफा आपल्या पद्धतीने आणि तोटा अमेरिकी पद्धतीने, एकाच रकान्यात. शंभर कोटींच्या पुढे गेले की वरचा स्वल्पविरामही गळतो. दुसऱ्याच्या संगणकावर सेटिंग बदलण्याची परवानगी नसेल, तेव्हा एका तक्त्यापुरता हा जुगाड ठीक आहे. पण तो फक्त दाखवण्याचे काम करतो. त्या फाइलमध्ये उद्या टाइप होणारी तारीख तो वाचून देत नाही, आणि खरे नुकसान तर तिथेच होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो : जग जवळ आले आहे, मग आंतरराष्ट्रीय पद्धतच का धरू नये? पण ज्या पद्धतीला आपण आंतरराष्ट्रीय म्हणतो, ती अमेरिका आणि ब्रिटनच्या वळणाची आहे. वजने-मापांच्या आंतरराष्ट्रीय सर्वसाधारण परिषदेने १९४८ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये सांगितले ते वेगळेच आहे. दशांशासाठी टिंब किंवा स्वल्पविराम यांपैकी काहीही चालेल. वाचायला सोपे जावे म्हणून तीन-तीन अंकांचे गट करायचे तर मध्ये मोकळी जागा सोडावी, आणि त्या जागेत टिंब किंवा स्वल्पविराम कधीच घालू नये. म्हणजे १,२३४,५६७ हे लेखन त्या ठरावातही बसत नाही. विज्ञानाच्या लेखनात तो ठराव पाळावा, हे योग्यच. पैशांच्या हिशेबात मात्र भारतीय कायद्यानेच दोन्ही वाटा खुल्या ठेवल्या आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टानुसार ताळेबंदातले आकडे लाखांत, दशलक्षांत आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कोटींतही देता येतात. परदेशी गुंतवणूकदारासाठी दशलक्ष वापरा, इथल्या सभासदासाठी लाख वापरा. दोन्हींच्या मागची संख्या एकच असल्याने हे जमते.

मग आकडे देवनागरी का नकोत, असाही प्रश्न निघेल. मराठी मासिकात १,२३,४५६ असे देवनागरीत छापणे स्वाभाविकच आहे, आणि संगणकविश्वालाही ते मान्य आहे. जगभरच्या सॉफ्टवेअरला भाषांचे रीतिरिवाज पुरवणारे युनिकोडचे सीएलडीआर नावाचे भांडार आहे. त्यात मराठीसाठी मूळ अंक देवनागरी नोंदलेले आहेत. हिंदीसाठी मात्र आंतरराष्ट्रीय अंक आहेत. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने संघराज्याच्या कारभारासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप ठरवले, त्याचीही आठवण इथे होते. हिशेबाच्या फाइलमध्ये मात्र भेद पाळावा. देवनागरी अंक हाताने टाइप केले, तर प्रत्येक प्रोग्राम त्यांना संख्या मानेलच असे नाही. त्याने ते मजकूर मानले की बेरीज त्यांना वगळून होते. संख्या साध्या अंकांत भरावी, आणि देवनागरी रूप हवे असेल तिथे ते स्वरूपाच्या सेटिंगमधून किंवा छपाईच्या टप्प्यावर द्यावे. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. २०१० मध्ये स्वीकारलेले हे चिन्ह चलनाच्या स्वरूपातून यावे. प्रत्येक सेलमध्ये ‘रु.’ टाइप करू नये.

शेवटचा आक्षेप असा की, ही सगळी कटकट माणसाने का करावी? यंत्राने स्वतःच ओळखावे. यंत्र स्वतःच ओळखू पाहते, हीच तर अडचण आहे. जनुकांच्या नावांचे जे झाले ते सर्वज्ञात आहे. सप्टेंबर आणि मार्चच्या इंग्रजी आद्याक्षरांसारखी नावे असलेली जनुके एक्सेलने तारखा करून टाकली. जीनोम बायोलॉजी या नियतकालिकात २०१६ मध्ये आलेल्या पाहणीत, एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत ही चूक सापडली. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. आपोआप होणारे हे रूपांतर बंद करण्याचा पर्याय एक्सेलमध्ये सर्वांसाठी आला तो २०२३ मध्ये. जगातल्या नामवंत प्रयोगशाळांना जो अंदाज महाग पडला, तो गट क्रमांकांच्या यादीत आपल्याला स्वस्त पडेल असे मानण्याचे कारण नाही. आणि इथे एक मर्यादाही मान्य केली पाहिजे : प्रदेश अचूक निवडला तरी सातबाराची तारीख होणारच, फक्त ती भारतीय तारीख होईल. ज्या नोंदीवर बेरीज-वजाबाकी करायची नाही, ती संख्या नव्हेच. गट क्रमांक, बँक खाते क्रमांक, शून्याने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक यांचे रकाने भरण्यापूर्वीच ‘टेक्स्ट’ करून ठेवावेत. एक्सेल संख्येचे १५ च अंक जपतो. सोळा अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला तर शेवटचा अंक शून्य होतो आणि तो कुठल्याही सेटिंगने परत येत नाही.

तेव्हा पुढचा तक्ता सुरू करण्यापूर्वी एक चाचणी करा. एक्सेलच्या सेलमध्ये २५/१२/२०२५ टाइप करा. ती उजवीकडे सरकली तर संगणक दिवस आधी वाचतो आहे. डावीकडेच राहिली, तर काम थांबवा, आधी प्रदेश बदला आणि मगच पुढची ओळ भरा. दुसऱ्याला पाठवायच्या सीएसव्हीत तारीख २०२५-१२-२५ अशी वर्षापासून लिहा आणि रकमेत एकही स्वल्पविराम घालू नका. बाहेरून आलेल्या यादीतल्या तारखा नुसत्या क्लिकने उघडू नका. ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ किंवा आयातीच्या खिडकीत त्यांचा क्रम सांगून मगच आत घ्या. कार्यालयात दहा संगणक असतील तर दहाही एकाच प्रदेशावर ठेवा, आणि नवा संगणक आला की त्यावर प्रिंटर जोडण्याआधी हे सेटिंग करण्याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर टाका. दोन मिनिटांचे हे काम वर्षअखेरीच्या ताळेबंदापर्यंत पुरते.